घाटावरचा आडोसा: जोतिबाच्या यात्रेत परवानग्या, कनात आणि ताक

कोल्हापुरात यात्रेकरू उपाशी राहत नाही. चैत्रात जोतिबाला निघालेला माणूस पंचगंगेच्या घाटावर उतरला की कुणी त्याच्या हातात मसालेभाताची पत्रावळ देतं, कुणी शिरा, कुणी केळी. पुढे गायमुखाला अन्नछत्राच्या पंगतीच बसलेल्या असतात. मेकॅनिक मंडळी रस्त्याकडेला पान्यांची पेटी उघडून बसतात आणि बंद पडलेल्या दुचाक्या फुकट चालू करून देतात. त्यामुळे २०२५ च्या यात्रेला 'आपल्या गल्लीनंही काहीतरी करूया' असा विषय निघाला, तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आधी आचारी आणि काहीलच आली. प्रत्यक्षात आम्ही उभारला तो बायकांसाठी कपडे बदलायचा आडोसा, आणि त्याच्या शेजारी चहा-ताकाचं एक टेबल. कागद कुठे कुठे लागले, पैसे किती गेले, थांबावं कुठे लागलं, ते लिहून ठेवते. दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर निदान सुरुवात कुठून करायची ते तरी कळेल.

आमचं घर शुक्रवार पेठेत, गंगावेशीकडून घाटाकडे उतरणाऱ्या एका बोळात. यात्रा वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर, इथून साधारण अठरा किलोमीटरवर. पण निम्मी यात्रा आमच्या दारावरूनच जाते. घाटावर आंघोळ, मग शिवाजी पूल, पुढे केर्लीवरून डोंगर. सातारा, कराड, सांगली, सोलापूर, बेळगाव, कुठून कुठून लोक येतात. कुणी ट्रॅक्टरने, कुणी टेम्पोने, कुणी बैलगाड्या जुंपून, आणि कितीतरी जण खांद्यावर सासनकाठी, म्हणजे देवाची उंच वेळूची काठी, घेऊन चालत.

रंगपंचमी झाली, अंगाचा रंग अजून गेला नव्हता, त्या आठवड्यात तालमीच्या कट्ट्यावर बैठक बसली. तालमीचा सेक्रेटरी, पाच-सहा पोरं, आणि भिशीच्या निमित्ताने एकत्र येणाऱ्या आम्ही बायका. मसालेभात की आमटी-भात यावर अर्धा तास गेला. कोपऱ्यावरच्या आजी जपमाळ ओढत ऐकत होत्या. त्यांनी एकदम विचारलं, "जेवायला घालनारी ढीगभर हाईत. आंगुळ करून वर आलेल्या बाईनं वलं लुगडं बदलायचं कुठं, त्येचं बोला की कुणीतरी."

पोरं गप्प. आम्ही बायकाही गप्पच, कारण आम्हाला हे माहीत होतं. दरवर्षी पहाटे बायका घाटावर एकमेकींभोवती साड्या धरून उभ्या असतात. काही जणी आमच्या बोळात येऊन एखाद्या जिन्याखाली, बंद दुकानाच्या फळीआड कपडे बदलतात. कुणी 'वैनी, जरा बाथरूम मिळंल का' म्हणत दार वाजवतं आणि आपण उघडतो. हे इतकं अंगवळणी पडलेलं की ती सोय करायची गोष्ट आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं. जेवण त्याच बैठकीत रद्द झालं. सेक्रेटरी जरा हिरमुसला, कारण जेवणावळ दिसते आणि आडोसा दिसत नाही. पण आजींपुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

आता कागद.

पहिली गोष्ट पैशांची. वर्गणी गोळा करायची तर पावतीपुस्तक कुणाचं? आमची भिशी म्हणजे काही नोंदणीकृत संस्था नव्हे. तालीम मंडळाची नोंदणी जुनी, त्यामुळे पावत्या त्यांच्या, लेटरहेड त्यांचं आणि खातंही त्यांचंच, असं ठरलं. तुमच्यामागे असं मंडळ नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाकडून वर्गणीची तात्पुरती परवानगी काढावी लागते. गणेशोत्सवात नोंदणी नसलेली मंडळं काढतात तीच ही. अर्ज ऑनलाइन होतो. सभासदांचे ओळखीचे पुरावे आणि ठराव जोडावा लागतो, आणि कार्यक्रम झाल्यावर हिशेब द्यावा लागतो. थोडक्यात, गल्लीत वही फिरवून पैसे गोळा करणं वाटतं तितकं मोकळं प्रकरण नाही. मंडळ सोबत असेल तर निम्मं ओझं उतरतं, बदल्यात मंडळाचं थोडं ऐकावं लागतं. ते पुढे येईलच.

दुसरी गोष्ट जागेची. घाट महापालिकेच्या देखरेखीखाली, म्हणून अर्ज महापालिकेच्या विभागीय कार्यालयात. पूर्वी अशा कामाला नगरसेवकाची चिठ्ठी पुरायची; पण २०२० च्या अखेरीपासून सभागृहच नव्हतं, सगळा कारभार प्रशासकाकडे. त्यामुळे चिठ्ठी कुणाची आणायची हा प्रश्नच मिटला. माझ्या मते ते बरंच झालं, निदान अर्ज तरी नीट लिहिला गेला. अर्जात मंडपाची लांबी-रुंदी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, जबाबदार व्यक्तींची नावं आणि मोबाईल नंबर हवे होते, आणि सोबत हाताने काढलेला नकाशा. नकाशा माझ्या मुलीने काढला. वहीच्या पानावर घाटाच्या पायऱ्या, देवळं, रस्ता, आणि लाल पेनाने चौकोन. खिडकीवरच्या बाईंनी तो बघून विचारलं, "रुग्णवाहिका आली तर कुठनं जाणार?" रस्त्याची रुंदी लिहिली नव्हती. ती मोजून लिहिली, मग अर्ज आत गेला.

त्यांना पोलिसांचा ना हरकत दाखला हवा होता. पोलीस ठाण्यात गेलो तर तिथे महापालिकेचा अर्ज दाखल झाल्याची पोच मागितली. कोंबडी आधी की अंडं, असं वाटून जाम चिडचिड झाली. यातून वाट अशी निघते: महापालिकेत अर्ज देऊन त्याच्या झेरॉक्सवर शिक्का-तारखेची पोच घ्यायची, ती पोलिसांच्या अर्जाला लावायची, आणि पोलिसांचा दाखला मिळाला की तो मूळ अर्जाला जोडायचा. पोच घेतल्याशिवाय कोणत्याही खिडकीवरून हलू नका, हे मी आता माझ्या मुलीलाही सांगते.

पोलिसांनी दोनच गोष्टी नीट विचारल्या. स्पीकर आहे का, आणि रात्री तिथे कोण थांबणार. स्पीकर नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. नाहीतर आवाजाची परवानगी वेगळी, वर रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवायचा नियम, आणि यात्रा तर खरी रात्रीच चालते. तालमीच्या पोरांना गाणी लावायची होती. आम्ही सांगितलं, आत बायका कपडे बदलणार आणि बाहेर तुम्ही डीजे वाजवणार? विषय संपला.

तिसरी परवानगी अन्नाची. 'फुकट वाटतोय, मग कसलं लायसन' असं मलाही वाटायचं. पण अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मध्ये अन्नव्यवसायाच्या व्याख्येत नफा असो वा नसो, दोन्ही येतात; धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाराही लहान व्यावसायिकांच्या नोंदणीत धरलेला आहे. नोंदणी फॉसकॉस नावाच्या पोर्टलवर होते. फॉर्म 'अ', फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, आणि फी २०२५ मध्ये वर्षाला १०० रुपये होती. सायबर कॅफेवाला याचे पाचशे-सातशे मागतो, पण फॉर्म अवघड नाही, घरी बसून भरता येतो. अर्ज पोचल्यापासून सात दिवसांत नोंदणी, नकार किंवा तपासणीची नोटीस, यांपैकी काहीतरी येणं नियमात आहे. आमची नोंदणी त्या मुदतीत आली. चौदा आकडी नंबरचं ते पान लॅमिनेट करून टेबलाला लावलं. यात्रेत कुणीही अधिकारी येऊन विचारू शकतो, आणि दही, दूध, बर्फ यांच्या पावत्याही त्याच पिशवीत असाव्यात.

सगळ्यात बोचलं ते कॅलेंडर. मार्चअखेर म्हणजे प्रत्येक कचेरीत हिशेबाची धांदल. त्यात ३० मार्चला पाडवा, तोही रविवारी. ३१ ला ईद. पुढे शनिवार-रविवार, ६ एप्रिलला रामनवमी, १० ला महावीर जयंती. यात्रेचा मुख्य दिवस १२ एप्रिल, शनिवार. म्हणजे ९ तारखेच्या संध्याकाळपर्यंत सही झाली नाही तर पुढे सही करायला माणूसच भेटणार नाही. एका कचेरीत साहेब मीटिंगला, मग दौऱ्यावर, मग 'आत्ताच गेले बघा'. व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी गवार निवडली आहे, पिशवीतली सगळी. शिपाईदादांनी शेवटी खुर्ची आणून दिली आणि म्हणाले, "ताई, सकाळी पावणेदहाला या. साहेब आल्या आल्या सह्या करतात, नंतर गावत न्हाईत." तसं केलं आणि काम झालं. मंजुरीचा कागद हातात पडला ८ एप्रिलला, कामदा एकादशीला. त्या दिवशी पहिल्या काठ्या गावात शिरल्यासुद्धा होत्या. गंगावेशीत उभी राहून मी तो कागद उलटसुलट करून बघत होते आणि पलीकडून हलगी-कैताळ वाजत चाललेलं. डोळ्यांत पाणी का आलं ते विचारू नका. दमले होते.

मंजुरीत अटी होत्या. घाटाच्या दगडात खिळा-पहार मारायची नाही, मंडपात आग पेटवायची नाही, खरकटं किंवा साबणाचं पाणी नदीत सोडायचं नाही. तिन्ही अटी रास्तच आहेत. पंचगंगेच्या पाण्याचं काय झालंय ते आम्ही रोज बघतो, त्यात आपली भर कशाला?

आग पेटवायची नाही म्हटल्यावर चहा घरांत करायचा ठरला. पाच घरांनी वेळा वाटून घेतल्या आणि मोठ्या थर्मासमधून चहा खाली न्यायचा. त्यामुळे व्यावसायिक गॅसची टाकी आणि तिच्यासोबत येणारे सगळे प्रश्न वाचले. घरगुती लाल टाकी मंडपात लावणारे पुष्कळ दिसतात. ती लावायची नसते, आणि गर्दीत ती धोक्याची आहेच. पहार मारायची नाही म्हणून मंडपवाल्याने तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे वाळू-सिमेंटने भरून त्यांत बांबू रोवले. एक डबा उचलायला दोन गडी लागायचे, पण वाऱ्याने कनात हलली नाही.

या मंडपाच्या रचनेबद्दल सविस्तर लिहिते, कारण हे कुठे लिहिलेलं सापडत नाही.

मंडपवाला नेहमीचा, लग्नाचे मांडव घालणारा. त्याने ९ तारखेला दुपारी चारी बाजूंनी कनात बांधली आणि म्हणाला, झालं. माझ्या जाऊबाई आत जाऊन उभ्या राहिल्या आणि वर बघून ओरडल्या, "अहो, आभाळ दिसतंय की!" घाट म्हणजे पायऱ्या. खाली आडोसा केला तरी वरच्या पायरीवरचा, रस्त्यावरचा माणूस आत बघू शकतो. म्हणजे छत पाहिजेच. ताडपत्री टाकली. मग संध्याकाळी आत बल्ब लावला आणि बाहेर येऊन बघतो तर काय, आतल्या बाईची सावली कनातीवर पडद्यावरच्या सिनेमासारखी दिसतेय. तिचा हात वर गेला की बाहेर हात वर. आम्ही सगळ्या बघतच राहिलो. मग कनातीच्या आतून काळी ताडपत्री बांधली, दिवे जमिनीलगत आणि भिंतीकडे तोंड करून ठेवले, आणि बाहेरच्या बाजूला, दाराशी, जास्त उजेडाचा दिवा लावला. बाहेर उजेड जास्त आणि आत कमी असला की सावली पडत नाही. परत एकदा जाऊबाईंना आत उभं केलं, हात वर करायला लावले, तेव्हा कुठे जीवात जीव आला. कुठेही असा आडोसा केलात तर रात्री बाहेर उभं राहून स्वतः बघा, मंडपवाल्याच्या शब्दावर जाऊ नका.

दाराला सरळ पडदा लावला नाही. एक कनात पुढे आणि एक मागे, असा वळसा घालून आत जायचं. पडदा वाऱ्याने उडतो, वळसा उडत नाही. आत आडव्या दोऱ्या बांधल्या, कारण नऊवारी लुगडं हातात धरून बदलता येत नाही आणि खाली सगळं ओलं. खाली काथ्याच्या चटया. एका कोपऱ्यात आणखी एक छोटा आडोसा, अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी, दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांसह.

फ्लेक्सचा वाद इथे झाला. पोरांना मंडपावर फ्लेक्स हवा होता, त्यावर तालमीच्या आजी-माजी सगळ्यांचे फोटो. "काकी, एवढं केल्यावर बोर्ड तर पायजेच की." फ्लेक्सला महापालिकेची वेगळी परवानगी आणि फी लागते, हा माझा एक मुद्दा. दुसरा मुद्दा जाऊबाईंनी मांडला: "बायकांच्या कपडे बदलायच्या जागेवर तुमचं फोटू? शोभंल का?" त्यावर पोरंच हसली. शेवटी पांढऱ्या कापडावर रंगाने 'फक्त महिलांसाठी' असं मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलं. कन्नड अक्षरं गल्लीत भाड्याने राहणाऱ्या निपाणीकडच्या एका सूनबाईंनी काढून दिली. कोपऱ्यात तालमीचं नाव, तळहाताएवढं. आणि आत मोबाईल बाहेर काढायचा नाही, हे मोठ्या अक्षरात. आजकाल कोण कुठे रील करेल सांगता येत नाही. दाराशी पाळीपाळीने दोघी बसायचोच.

१० एप्रिलला पहाटे तीनला पहिली बाई आत गेली. सोलापूरकडची, सोबत सासू आणि दोन मुली. बाहेर येऊन तिने विचारलं, "आक्का, पिन हाय का?" त्या चार दिवसांत सगळ्यात जास्त मागणी कशाला होती म्हणाल तर सेफ्टी पिनांना. पदराला, परकराच्या नाडीला, झंपरच्या तुटलेल्या हुकाला. दुसऱ्या नंबरला आरसा. कुंकू लावायचं तर तोंड बघायला नको? सकाळी सातला माझ्या कपाटाचा आरसा काढून खाली गेला. मग खोबरेल तेल, कंगवा, केसांना बांधायला रबर. या चिल्लर वस्तूंवर पाचशे रुपयेही गेले नाहीत आणि बायकांना खरा आराम त्यांनीच दिला. सॅनिटरी पॅड ठेवले होते एका झाकलेल्या डब्यात. पहिल्या दिवशी कुणी मागितले नाहीत. मग डबा आत, दोरीखाली ठेवला, 'घ्या' असं लिहून. दुपारपर्यंत निम्मा संपला. दाराशी ठेवलं तर कोण हात घालणार?

शौचालयाचा प्रश्न मात्र आमच्या आवाक्याबाहेरचा. महापालिका यात्रेत फिरती शौचालयं उभी करते, पण घाटावर एका वेळी जी गर्दी असते तिला ती पुरत नाहीत. गल्लीतल्या ज्यांना जमेल त्या घरांनी आपलं संडास-बाथरूम उघडं ठेवलं, फक्त बायका, मुलं आणि म्हाताऱ्यांसाठी. अशा घरांच्या दाराला आम्ही पिवळं कापड बांधलं आणि आडोशातल्या बायकांना 'पिवळं कापड बघा' एवढंच सांगायचो. हे करायचं असेल तर आधी घरच्यांशी, विशेषतः भाडेकरू आणि सुनांशी बोलून घ्या, कारण धुणं त्यांनाच पडतं. आम्ही एका मावशींना दिवसाचे हजार रुपये देऊन फक्त सफाईसाठी ठेवलं होतं. पाणी हा दुसरा अडसर. आमच्याकडे नळ ठरलेल्या वेळेलाच येतो; शेजारच्या एका घराची जुनी विहीर आहे, तिच्या पाण्याने बाथरूमं निभावली. प्यायला जार आणले.

ताकाचं सांगते. बाहेर ऊन असं की दुपारी पायऱ्यांवर अनवाणी पाय ठेवता येत नव्हता. दही डेअरीचं, पावतीसकट. ताक घरी घुसळून, जिरं-आलं-कोथिंबीर लावून, थोडं थोडं खाली न्यायचं. एकदम सगळं नेलं की तासाभरात आंबूस होतं. बर्फ खाण्याचाच घ्या. कारखान्यात वापरायच्या बर्फात महाराष्ट्रात निळा रंग घालतात, तेव्हा निळसर लादी कुणी स्वस्तात देऊ लागलं तर घेऊ नका. पेले स्टीलचे ठेवले, धुवायला दोन टब आणि तालमीची पोरं. कागदी पेल्यांना आतून प्लास्टिकचा थर असतो, ते राज्यात बंद आहेत आणि नदीकाठी तर नकोतच. पोरांनी पेले धुताना आधी नाकं मुरडली, मग त्यांच्यातच पैजा लागल्या. धुण्याचं पाणी ड्रममध्ये साठवून वर गटाराला नेऊन ओतायचं काम मात्र रोज कुणावर तरी ढकलावं लागायचं. बरेच यात्रेकरू पेला न घेता स्वतःचा तांब्याच पुढे करतात, त्यामुळे अंदाज चुकतो: पेल्याच्या हिशेबाने केलेलं ताक तांब्याच्या हिशेबाने संपतं.

११ च्या रात्री झोप कुणालाच नव्हती. काठ्यांमागून काठ्या. उंच वेळू, त्याला रंगीत पागोटी, वरून सोडलेल्या दोऱ्या धरून चौघं-पाचजण तोल सांभाळणारे, मधला गडी कमरेच्या पट्ट्यात काठी पेलून नाचणारा. विजेच्या तारा आल्या की काठी आडवी करायची, पुढे गेलं की परत उभी. गुलालाने रस्ता, कुत्री, आमचे थर्मास, सगळं गुलाबी. बैलगाड्यांचे बैल घाटाजवळ सोडलेले. त्यांना पाणी दाखवायला आमच्या बोळातल्या पोरांनी घरातल्या बादल्या पळवल्या, त्यांतल्या दोन अजून सापडलेल्या नाहीत. पहाटे दोनच्या सुमाराला कर्नाटकातल्या एक आजी टेबलाशी येऊन 'नीरु, नीरु' म्हणाल्या. पाणी दिलं. त्यांच्या टाचेला सोलून मांस दिसत होतं. पायात चप्पल नव्हती, नवस असणार. माझ्या मुलीने जखम धुऊन मलम लावलं, पट्टी बांधली. आजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या केसांत गुलाल गेला तो पुढे दोन अंघोळींनी निघाला नाही. मी खुणेने गाडीने जा म्हटलं, कारण डोंगरावर जायला ज्यादा बस सुटत होत्या. त्यांनी मान हलवली आणि चालतच गेल्या. जखमेसाठी मलम-पट्टी ठेवाच. मात्र चक्कर, छातीत दुखणं, उन्हाचा तडाखा असलं काही दिसलं तर ओआरएस देत बसू नका, १०८ ला फोन लावा किंवा जवळच्या वैद्यकीय पथकाकडे न्या. आम्ही पथकाची जागा आणि पोलीस मदत केंद्राची जागा कापडी फलकाच्या मागे लिहून ठेवली होती.

१२ ला दुपारनंतर घाट एकदम रिकामा होतो. सगळी माणसं डोंगरावर; संध्याकाळी देवाची पालखी यमाईच्या देवळाकडे निघते, ते बघायला. आम्हाला वाटलं, आता आवरावं. पण १३ तारखेला, रविवारी, परतीची गर्दी आली, आणि ती जास्त थकलेली असते. डोंगरावरून उतरायचं, पंचगंगेत गुलाल धुवायचा, मग अंबाबाईचं दर्शन घेऊन गाव गाठायचं. त्या दिवशी आडोसा पौर्णिमेपेक्षा जास्त वापरला गेला. म्हणून परवानगी मागताना मुख्य दिवसानंतरचा एक दिवस अर्जात धराच. आमच्या अर्जात तो आजींच्या सांगण्यावरून घातला होता.

खर्च साधारण असा: मंडप, ताडपत्री, डबे मिळून ९ हजार, दह्यावर १० हजारांच्या आसपास, चहा-साखर-दूध साडेतीन हजार, पाण्याचे जार ३ हजार, दिवे आणि बॅटऱ्यांचं भाडं अडीच हजार, बर्फ दीड हजार, सफाईच्या मावशींचे चार हजार, पॅड, पिना, मलमपट्टी, साबण अठराशे, झेरॉक्स, फी, रिक्षा वगैरे सातशे. ३६ हजारांपर्यंत गेलं. वर्गणी त्यापेक्षा थोडी जास्त जमली होती. उरलेले पैसे तालमीच्या खात्यातच वेगळे लिहून ठेवले आणि हिशेबाचा कागद कट्ट्याच्या भिंतीला आठवडाभर चिकटवला. ज्यांनी पन्नास रुपये दिले त्यांनीच तो सगळ्यात बारकाईने वाचला.

एक वाद अजून मिटायचाय. कनाती लग्नाच्या, पांढऱ्या आणि मोतिया रंगाच्या. गुलाल लागून त्या गुलाबी झाल्या. मंडपवाला धुलाईचे दीड हजार वेगळे मागतोय, आणि सेक्रेटरी म्हणतो जोतिबाचा गुलाल आहे, त्याचे पैसे कसले. ठरवतानाच त्याला जुन्या, गडद रंगाच्या कनाती मागा आणि गुलालाचं आधी बोलून घ्या. यात्रेला येणाऱ्या मंडपवाल्याला ते नवीन नाही, तो फक्त तुम्ही विचारायची वाट बघत असतो.